सोलापूरच्या रानात फूड फॉरेस्ट: वीस गुंठ्यांचा हिशेब, पहिल्या खड्ड्यापासून चौथ्या उन्हाळ्यापर्यंत

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या आमच्या रानाच्या पश्चिम बांधावर आजोबांच्या वेळची एक चिंच आहे, दोन लिंब, एक कवठ आणि कुणी न लावलेल्या सात-आठ बोरी. १९७२ चा दुष्काळ या झाडांनी काढला. २०१२-१३ चा काढला, २०१५-१६ चाही काढला. त्यांना कुणी कधी पाणी घातलं नाही. त्याच बांधाच्या आत, वीस हातांवर, २०१९ साली मी मोबाईलवर व्हिडिओ बघून केळी, पपई, फणस, नारळ असं ‘सात थरांचं’ फूड फॉरेस्ट, म्हणजे उंच झाडापासून जमिनीवरच्या वेलापर्यंत थराथरानं लावलेलं खायचं रान, लावलं आणि दोन वर्षांत निम्म्याहून जास्त झाडं घालवली. काही मेमध्ये वाळली, बाकीची ऑक्टोबरात सडली.

तेव्हापासून मी व्हिडिओ सोडून बांध बघायला लागलो. या लेखात त्यातून हाताला लागलेलं आहे. केरळच्या परसातलं दाट, ओलं जंगल आपल्याकडे आणू नका. सोलापूरचं खायचं रान विरळ, काटेरी आणि उन्हाळ्यात अर्धं बोडकं असतं. ते तसं दिसलं तर काहीतरी बरोबर चाललंय असं समजा.

आधी आपल्या हवेचा स्वभाव

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण ५५० मिलिमीटर. आपण पर्जन्यछायेत. मृग बरसला तर बरसला, मग जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो, आणि भरवशाचा पाऊस पडतो तो सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या आसपास. म्हणून तर आपला जिल्हा ज्वारीचा, रब्बीचा. हे जुनंच आहे. बदललंय ते असं की ओढ लांबत चाललीय आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगणावरून थेट आपल्या डोक्यावरून गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं काय केलं ते काठच्या गावांना विचारा. म्हणजे झाडाला एकाच वर्षात चार महिने कोरडं आणि चार दिवस पाण्यात उभं राहता आलं पाहिजे. यातल्या दुसऱ्या गोष्टीची तयारी दुष्काळी भागातला माणूस करत नाही. मीही केली नव्हती.

उन्हाचंही एक गणित आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. पण मेच्या मध्यावर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत पूर्वेचं किंवा दक्षिणेचं झाड भर दुपारी खालच्या रोपाला सावली देत नाही. सावली हवी तर ती वरूनच, विरळ पानांच्या छत्रीसारखी मिळायला हवी. आणि तीन वाजल्यानंतरचं ऊन पश्चिमेकडून येतं, जून-जुलैचा सुसाट वाराही तिकडूनच. त्यामुळे आराखड्याची सुरुवात पश्चिम बांधापासून.

माती: दोन खड्डे आणि एक थेंब

मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात द्या, अहवाल येईल तेव्हा येईल. तोवर या दोन गोष्टी स्वतः करा.

रानाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला प्रत्येकी एक खड्डा घ्या, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि आता घड्याळ लावा. तासाला इंचभर किंवा जास्त पाणी उतरलं तर निचरा चांगला. चोवीस तासांनंतरही खड्ड्यात पाणी दिसलं तर ते भारी काळं रान, आणि अशा रानात खड्डा म्हणजे हौद. माझ्याकडे वरच्या टोकाला मुरूम दोन फुटांवर लागला आणि पाणी दोन तासांत गायब. खालच्या टोकाला तिसऱ्या दिवशी खड्ड्यात बेडूक होता. एकाच वीस गुंठ्यांत दोन रानं.

मुरमाड जागी तीन बाय तीन बाय तीन फुटांचा खड्डा घ्या आणि तो तलावाच्या गाळानं भरा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून गाळ मिळत असेल तर याच कामाला वापरा. भारी काळ्या जागी मात्र खड्डा घेऊच नका. दोन्हीकडची माती ओढून दीड-दोन फूट उंच आणि चार फूट रुंद वरंबा करा, रोप त्याच्या माथ्यावर लावा. काळ्या रानात गाळ टाकणं म्हणजे चिकटात चिकट मिसळणं. मी दोन ट्रॉल्या टाकून बसलो, वरून वाहतुकीचा खर्च.

आता तो थेंब. संडास धुवायचं ॲसिड एका काचेच्या भांड्यात पाण्यात मिसळून पातळ करा (पाण्यात ॲसिड, उलटं नाही, हातमोजे घाला) आणि दोन फुटांवरच्या मातीच्या ढेकळावर थेंब टाका. फस्सकन फेस आला तर चुनखडी आहे. हलका फेस असेल तर चालतं. जोरात आला तर लिंबूवर्गीय झाडं आणि पेरू कमी करा, कारण त्यांना लोह मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि मग माणूस वर्षभर युरिया टाकत बसतो. चिंच, कवठ, बोर, आवळा, भोकर यांना चुनखडीचं फारसं काही वाटत नाही. तरी चुनखडीचा टणक थर वर आलेला असेल तर तो पहारीनं फोडल्याशिवाय कोणतंच झाड नीट उतरणार नाही.

पाणी: आत घेणं आणि बाहेर काढणं

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२० चौरस मीटर. सरासरी पावसाच्या वर्षात तुमच्या वीस गुंठ्यांवर अकरा लाख लिटर पाणी पडतं. बोअर मारायचा विचार करण्याआधी हा आकडा वहीत लिहा.

ते अडवायला समतल रेषा काढाव्या लागतात. गवंड्याची पारदर्शक नळी आणा, चाळीस-पन्नास फुटांची. दोन सरळ काठ्यांवर इंचांच्या खुणा करा आणि नळीचं एकेक टोक काठीला बांधा. एकानं एका जागी उभं राहायचं, दुसऱ्यानं वर-खाली सरकत जायचं. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकाच खुणेवर आली की तिथे फक्की टाकायची. नळीत बुडबुडा राहिला तर सगळी रेषा चुकते, म्हणून दर वेळी नळीला टिचक्या मारून बघा. आम्ही बापलेकांनी पाच रेषा एका सकाळी काढल्या, आणि डोळ्याला जो उतार उत्तरेकडे वाटत होता तो प्रत्यक्षात ईशान्येकडे निघाला.

या रेषांवर वरंबा घाला आणि वरंब्याच्या वरच्या अंगाला दीड फूट खोल चर. मुरमाड भागात चर अगदी समपातळीत ठेवा, पाणी तिथेच जिरेल. काळ्या भागात चराला शंभर फुटांत तीन-चार इंच उतार द्या आणि शेवटाला दगड रचलेला सांडवा ठेवा.

सांडव्याशिवाय चर खणू नका. २०२० च्या ऑक्टोबरात माझे चर कडेला बंद होते. रात्रभर पाऊस कोसळला, वरचा वरंबा फुटला, त्याच्या लोंढ्यानं खालचे दोन फुटले. पुढचे सहा दिवस पपई आणि शेवगा गुडघाभर पाण्यात. पपईनं तिसऱ्या दिवशी मान टाकली. शेवगा आठवडाभर तग धरून मग बुंध्यातून मऊ झाला, बोट दाबलं तर आत जात होतं. बांधावरच्या बोरींचं पान हललं नव्हतं. आता प्रत्येक चराला दोन फूट रुंद सांडवा आहे, सगळं पाणी ओघळीकडे जातं, आणि रानाच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात मी झाडच लावत नाही. तिथे गवत असतं.

उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशेबही करून टाकू. पन्नास फळझाडं, प्रत्येकी दहा लिटर, दर चार दिवसांनी. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत तीस फेऱ्या, म्हणजे पंधरा हजार लिटर. वीस बाय तीस फुटांच्या पत्र्याच्या शेडवरून वाया जाणारं वजा करून वर्षाला पंचवीस हजार लिटर सहज उतरतं. अडचण साठवणीची: पंधरा हजार लिटरला दहा बाय दहा फुटांचा, साडेपाच फूट खोल हौद लागतो, आणि त्यावर झाकण. उघड्या हौदातलं पाणी उन्हाळ्यात झाडांआधी हवा पिते. बोअर असेल तर उत्तमच, पण त्याचं पाणी तपासून घ्या. मचूळ पाण्यानं झाडं पहिल्या वर्षी हसतात आणि तिसऱ्या वर्षी पानांच्या कडा करपतात.

झोपणारी झाडं निवडा

माझ्या मते सगळ्यात मोठा निर्णय हा. एप्रिल-मेमध्ये जे झाड पान गाळून झोपतं, त्याला पाणी लागत नाही. जे हिरवंगार राहतं, त्याच्याकडे एकतर खोल मूळ हवं किंवा तुमचा पंप हवा.

सीताफळ उन्हाळ्याच्या तोंडाला पान गाळतं, मेच्या शेवटी वळवाच्या आसपास फुटतं आणि दसरा-दिवाळीत फळ देतं. आपल्या पावसाशी इतकं जुळवून घेतलेलं दुसरं फळ नाही. बाळानगर जात मिळाली तर घ्या. बोर जानेवारीपर्यंत फळ देऊन मोकळं होतं. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेत पाटीत दिसतात ती बोरं. मग एप्रिलच्या शेवटी छाटलं की पावसापर्यंत बोडकं उभं. आवळ्याची तर कमाल आहे: वसंतात फुलतो, पण धरलेली फळं मोहरीएवढी होऊन तशीच थांबतात आणि पाऊस लागल्यावर वाढतात. आवळ्याच्या दोन वेगळ्या जाती जवळजवळ लावा, एन.ए.-७ आणि कृष्णा चालतील, नाहीतर फळधारणा कमी होते. कवठ झोपतं. भोकरही पान गाळतं, आणि त्याच्या कच्च्या फळाच्या लोणच्यासाठी सासुरवाडीहून माणसं येतात.

हिरव्या राहणाऱ्यांत चिंच, जांभूळ आणि आंबा. चिंच-जांभळाचं मूळ खोल जातं, पण ते जाईपर्यंत तीन उन्हाळे सांभाळावे लागतात. आंबा दोन-चारच लावा, तोही गावरान कोयीवर.

डाळिंबाबद्दल वाचक विचारणारच. सांगोल्याचा जिल्हा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, ‘सोलापूर डाळिंब’ म्हणून भौगोलिक मानांकन. पण डाळिंबाला मोकळं ऊन, खेळती हवा आणि बहारासाठी पाण्याचा ताण लागतो. झाडांच्या गर्दीत पाऊस अडकला, ओलावा राहिला की तेल्या रोग आलाच, कारण त्याचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडावरून झाडावर जातो. घरच्यासाठी पूर्व कडेला दोन-तीन झाडं ठेवा. बाग करायची तर ती वेगळी करा, या रानात नको.

केळी एकच खोपा, मोरीच्या सांडपाण्यावर. फणस-नारळ कोकणातल्या नातेवाइकांकडेच चांगले.

आता मदतनीस झाडं. हीच खरी गंमत आहे आणि ती आपल्याकडे नवीन नाही. जुन्या पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा, शेवग्याच्या आधारानं पानवेल चढवायचे. वर विरळ सावली, खाली गारवा, आणि शेवरी-हादग्याच्या मुळांवरच्या गाठींतून मातीला नत्र. सात थर हा शब्द माहीत नसलेल्या माणसांनी चार थर केले होते. आपण पानवेल वगळून तेच करायचं. शेवरी आणि हादगा बियांपासून, गिरिपुष्प जूनमध्ये अंगठ्याएवढ्या जाड फांद्या रोवून, शेवगा (पीकेएम-१ ही जात सहा-आठ महिन्यांत शेंगा देते) फक्त उंचवट्यावर. सुबाभूळ लावायचा मोह टाळा, तो बिया टाकून सगळ्या शिवारात पसरतो. वेडी बाभूळ कुणी लावत नाही, ती येते. आली की लहानपणीच मुळासकट काढा.

वीस गुंठ्यांचा आराखडा

रान १६५ बाय १३२ फूट धरू. समतल रेषा साधारण लांबीच्या दिशेनं जातात असं मानलं तर बावीस-बावीस फुटांवर पाच ओळी बसतात. ओळीत पंधरा फुटांवर एक फळझाड, म्हणजे ओळीला दहा, एकूण पन्नास: सीताफळ १८, बोर १०, आवळा ८, पेरू ८, कागदी लिंबू ४, भोकर २. चुनखडी निघाली तर पेरू-लिंबाच्या जागी बोर आणि सीताफळ. भारी काळं रान असेल तर अंतर वीस फूट करा आणि झाडं चाळीसवर आणा, कारण तिथे प्रत्येक झाड जास्त पसरतं. दोन फळझाडांच्या मधोमध एक मदतनीस. पश्चिम आणि उत्तर बांधाला मोठी झाडं: दोन चिंचा, दोन जांभळं, दोन कवठं, आणि कोपऱ्यात आंबा. मोठ्या झाडांत तीस-पस्तीस फूट ठेवा. आज ते अंतर हास्यास्पद दिसेल.

बांधाच्या बाहेरच्या अंगाला करवंद आणि सागरगोट्याचं काटेरी कुंपण. ते तयार व्हायला तीन वर्षं लागतात, तोवर बाभळीच्या फेसाट्या. शेळ्यांनी एका दुपारी केलेलं नुकसान कोणत्याही दुष्काळापेक्षा पूर्ण असतं. नान्नजच्या माळाकडचे असाल तर काळवीटही येतील.

ओळींमधली सोळा फुटांची पट्टी पहिली चार-पाच वर्षं तुमचीच आहे: तूर, ज्वारी, मटकी, हुलगा.

लागवड: बोर जागेवरच

नर्सरीतून बोराचं कलम आणू नका. पिशवीत बोराचं सोटमूळ तळाला लागून वळतं आणि तसंच वळलेलं जमिनीत जातं. असं झाड पाण्यावर जगतं, दुष्काळावर नाही. मी एका रोपवाटिकेतून ‘उमराण’ जातीची म्हणून सहा कलमं आणली होती. तीन मेली, दोनांना गावठी आंबट बोरं लागली, एक खरं निघालं. मेलेली उपटली तेव्हा मुळं जिलबीसारखी होती.

त्यापेक्षा असं करा. जानेवारी-फेब्रुवारीत गावरान बोरीखालची पिकून पडलेली बोरं गोळा करा. गर काढून आठोळ्या धुवा आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. तरंगतील त्या फेकून द्या. बुडालेल्या सावलीत वाळवून जपून ठेवा. पहिल्या चांगल्या पावसानंतर एकेक आठोळी दगडावर उभी धरून हातोडीनं हलकेच टिचवा. कवच तडकलं पाहिजे, आतलं चपटं बी चिरडता कामा नये. पहिल्या दहांत चार चिरडतात, मग हाताला अंदाज येतो. हे बी ठरलेल्या जागी इंचभर खोल, एका ठिकाणी तीन, टाका. ते आठ-दहा दिवसांत उगवतं; अख्खी आठोळी तीन-चार आठवडे घेते. जोमदार एक ठेवून बाकीची कापा. पुढच्या पावसाळ्यात खोड पेन्सिलीएवढं झालं की जवळच्या बागेतल्या चांगल्या झाडाचा डोळा भरा, म्हणजे त्याच्या फांदीवरची कळी सालीसकट काढून आपल्या खोडाच्या सालीत बसवा. डोळा भरणारी माणसं डाळिंब-बोरांच्या पट्ट्यात अजून आहेत, एका सकाळी दहा झाडं होतात.

चिंच, जांभूळ, कवठ, भोकर, शेवरी, हादगा, सगळी बियांनी जागेवर. सीताफळ, आवळा, पेरू, लिंबू यांची रोपं जुलैत लावा, पण पाणी हाताशी असेल तरच. नसेल तर ऑगस्टअखेर थांबा, कारण जुलैत लावून पावसानं ओढ दिली की पहिला महिनाच जड जातो. लावताना खड्ड्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरते. ताजं शेण घातलंत तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला जेवणाचं आमंत्रण दिलंत.

रोपापासून एक वीत अंतरावर दहा लिटरचं साधं, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. वर झाकण. चार-पाच दिवसांनी भरायचं. पाझरून मिळणारं पाणी वाऱ्यावर जात नाही आणि मुळं मडक्याभोवती खाली उतरतात. मचूळ पाण्यानं दोन वर्षांत मडक्याची छिद्रं बुजतात, तोवर त्याचं कामही झालेलं असतं. ड्रीप असेल तर ड्रीप वापरा, मात्र मोटर चालू आहे म्हणून रोज दहा मिनिटं देऊ नका. आठवड्यातून दोनदा भरपूर द्या.

पाचट पेटवू नका, आणा

जिल्हा उसाचा आहे आणि तोडणीनंतर शेजारी पाचट पेटवायच्या बेतात असतो. त्याला चहा पाजा आणि ट्रॉली भरून आणा. कडबा यात घालू नका, तो जनावरांचा घास आहे. तुराट्या, भुसकट, मदतनीस झाडांच्या छाटलेल्या फांद्या सगळं चालतं. चार-सहा इंचांचा थर ओळीत तीन-तीन फूट दोन्हीकडे. काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं तेव्हा त्या भेगांत मुळं तुटतात. पाचटाखालची जमीन मेमध्येही सांधलेली राहते, हात घालून बघा.

खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवायची. नाहीतर वाळवी पाचटातून थेट सालीवर चढते. आणि उन्हाळ्यात ओळीच्या टोकाला दहा फूट पट्टा नांगरून स्वच्छ ठेवा. शेजारच्या रानातला जाळ कधी तुमच्या पाचटाला लागेल याचा नेम नाही.

पहिले तीन उन्हाळे

फेब्रुवारीच्या शेवटी चुन्यात थोडं मीठ घालून खोडाच्या पश्चिम अंगाला लेप द्या. कोवळी साल दुपारच्या उन्हानं तडकते आणि तिथूनच खोडकीड शिरते. रोपाच्या पश्चिमेला तुराट्यांचा तिरपा आडोसा. ग्रीन नेटपेक्षा तो बरा. जूनच्या वाऱ्यात नेट फाटून आडवं पडतं आणि रोप घेऊन जातं.

गिरिपुष्पाची एक खोड आहे: आपल्या मर्जीवर सोडलं तर ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडाला पान गाळून गुलाबी फुलं काढून बसतं. दिवाळीनंतर एक छाट मारली की नव्या फुटीची पानं जास्त टिकतात. म्हणून मदतनीस झाडांच्या छाटण्या जुलै, सप्टेंबर आणि दिवाळीनंतर, आणि मग जूनपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. छाटलेलं सगळं जागेवरच ओळीत. शेवग्याचा शेंडा तीन फुटांवर खुडा, नाहीतर तो वीस फूट चढून शेंगा आकाशात धरतो. हादगा चार-पाच वर्षांत म्हातारा होतो, तोवर सीताफळाला त्याची गरज संपलेली असते. कापून टाका, फुलांची भाजी खाऊन घ्या.

औषधांचं थोडक्यात: बोरावर भुरी आली तर गंधक, फळमाशीसाठी पडलेलं प्रत्येक बोर उचलून खोल पुरणं हाच उपाय, सापळे त्यानंतर. सीताफळावर पिठ्या ढेकूण दिसला तर मुंग्यांची वाट तोडा, त्याच त्याला वर नेतात. खोडाला चिकट पट्टी बांधली की काम होतं.

खालचा थर आणि वेळ अमावस्या

झाडांखाली काय लावायचं याची यादी करायला मी कुठलं पुस्तक बघितलं नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला रानात भज्जी शिजते. तिच्यात हरभरा, तूर, वाल, मेथी, चुका, गाजर, चिंच, बोर, जे जे त्या दिवशी शिवारात असेल ते पडतं. त्या पातेल्यात डोकावलं की मला खालच्या थराची यादी मिळाली. चराच्या ओलीवर वाल आणि दोडका, मदतनीस झाडावर चढवलेले. वरंब्याच्या उतारावर रताळी. तिचे वेल माती धरून ठेवतात. काशीफळ सांडव्याजवळ, जिथे माती साचते. पट्टीत तूर. अंबाडी कुठेही.

आणि काही लावावंच लागत नाही. तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डू, पावसाबरोबर येतात. खुरपणीच्या बायकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर जेवणाचा अर्धा भाग बांधावर वाळत पडतो. माझ्या आईला सांगावं लागलं नाही. तिनं मला सांगितलं की हे काढू नको.

पाणी तोडणं

तिसऱ्या वर्षापासून झाडांना सवय लावायची. पहिल्या वर्षी चार दिवसांनी, दुसऱ्या वर्षी आठ, तिसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी, पण दर वेळी जास्त आणि खोडापासून दूर, फांदीच्या टोकाखाली. चौथ्या उन्हाळ्यात सीताफळ, बोर, आवळा, कवठ, भोकर यांचं पाणी मार्चपासून पूर्ण बंद. मेमध्ये ती मेल्यासारखी दिसतील. नखानं फांदीची साल खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर निघून या. पेरू आणि लिंबाला मात्र पाणी चालू ठेवा, त्यांना ही शिस्त मानवत नाही, आणि आंब्याला फळ बोराएवढं झाल्यापासून दोन-तीनदा.

चौथ्या वर्षी मी ओळीनं नखं मारत फिरलो. अठरांतली सोळा सीताफळं हिरवी निघाली. दोन वाळली होती, दोन्ही खालच्या कोपऱ्याला लागून. त्या जागी आता गवत आहे.